डावखुऱ्या हाताचे ठिपके

मोखाडा,
२९ ऑगस्ट २०२४

कमलेशदादा,

नमस्कार. आधी मला ओळखलंस का ते सांग. मी सूर्यमाळची सुनिता, दिपेशदादाची बहीण. जव्हारच्या वसतिगृहात तू आणि दादा एका खोलीत होतात, तेव्हा आईनं दिलेल्या नागलीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन मीच यायचे. तुम्ही दोघं माझ्यासमोर डबा चाटूनपुसून संपवायचात आणि मला रिकामा परत द्यायचात. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आठवडाभर मोखाड्यात खोली घेऊन राहते, शनिवारी सूर्यमाळला आईकडे जाते.

तुझा पत्ता साखरशेतच्या तुझ्या चुलतभावानं दिला. तो म्हणाला, कमलेश नाशिकला जुने घरगुती कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि कुठल्या यंत्राची काय अवस्था, काय मोल, हे सांगण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. जुनी यंत्रं जमवणारी माणसं लांबून तुला विचारायला येतात म्हणे.

दादाचं तसलंच कॉम्प्युटरचं यंत्र आमच्याकडे अजून आहे. एका शाळेनं निकाली काढलेलं आणि तुम्ही दोघांनी भंगारवाल्याच्या ढिगातून उचललेलं, तेच. दादा गेल्यापासून ते आतल्या खोलीत कणगीशेजारी ठेवलेलं आहे. मला त्याची तपासणी करून हवी आहे, आणि ती लेखी हवी आहे. चालेल की नाही, एवढं स्वच्छ अक्षरात लिही आणि खाली तुझ्या दुकानाचा शिक्का मार. माझ्या मते ते कधीच मेलेलं आहे. तसं असेल तर तसंच लिही, मला वाईट वाटणार नाही.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. सूर्यमाळला रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते, आणि मी तिथं बोलत उभी राहिले की आई मागं येऊन ऐकते. तिला वाचता येत नाही, म्हणून पत्र बरं. उत्तर मोखाड्याच्या पत्त्यावरच पाठव.

तुझी,
सुनिता


नाशिक,
५ सप्टेंबर

प्रिय सुनिता,

तुला ओळखणार नाही असं कसं होईल? त्या चटणीची चव अजून जिभेवर आहे. डबा रिकामा द्यायचो हे मात्र खोटं, आम्ही त्यात करवंदं भरून द्यायचो आणि ती तू वाटेत संपवायचीस.

तुझं पत्र वाचून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि बसून राहिलो. दिपेश मुंबईला गेला तो परत आला नाही हे कळलं, तेव्हा मी इथं आयटीआयला होतो. सुट्टी काढून मुंबईत हिंडलो. जुन्या पार्टच्या दुकानांत विचारलं, पोलिसांत विचारलं. मग आयटीआय संपलं, पोटापाण्याला लागलो. खरं सांगायचं तर हा धंदा मी त्याच्यामुळेच धरला. त्याच्याशिवाय मला यातलं काही येत नव्हतं.

आता कामाचं. यंत्राची परीक्षा लांबून करायची तर मी फोटो मागत नाही. फोटोत सगळीच यंत्रं नवऱ्या मुलीसारखी नटून बसतात. हातानं चाचपून, नाकानं हुंगून जे कळेल ते लिही. आणि एक गोष्ट आधी ऐक. काही झालं तरी ते विजेला लावू नकोस. इतकी वर्षं झोपलेल्या यंत्राला एकदम वीज दिली की आतले वीज साठवणारे कपॅसिटर फुटतात आणि जे वाचण्यासारखं असतं तेही जळतं.

वरच्या झाकणाचा रंग बघ. ते प्लास्टिक उन्हानं पिवळं पडतं. सगळीकडे सारखं पिवळं असेल तर ठीक, पट्टे असतील तर कशानं तरी झाकलेलं होतं. मग कळा एकेक दाबून बघ, वर उसळतात की चिकटून राहतात. फटीला नाक लाव. सुकटीसारखा वास आला तर कपॅसिटर गळालेत. डाग कुठं आहेत, कसल्या रंगाचे आहेत, ते लिही. स्क्रू उघडू नकोस. आणि हलवून बघ, आत काही खुळखुळतं का.

यंत्र जितकं मूळ, तितकं त्याला मोल. मेलेलं असलं तरी मूळ असेल तर त्याला मागणी असते. तेव्हा तू आधीच मरणपत्र लिहू नकोस. विकायचं मनात असेल तर संकोच न करता सांग, चांगल्या माणसाच्या हातात देईन. काकींना नमस्कार.

कमलेश


मोखाडा,
१६ सप्टेंबर

कमलेशदादा,

करवंदांचं तुझं बरोबर आहे.

शनिवारी आई ओढ्याला गेली तेव्हा यंत्र उजेडात घेतलं. झाकण एका बाजूनं पिवळं आहे, मधोमध रुंद पट्टा मात्र पांढरा राहिलाय. कळा बहुतेक उसळतात, खालच्या ओळीतल्या चिकटतात. वास सुकटीचा नाही. तेलाचा आहे, आणि थोडा धुराचा. डाग लाल आहेत, डाव्या कोपऱ्यात जास्त, बोटाला लागतात आणि तेलकट आहेत. हलवलं तर आत खुळखुळतं, बारीक काहीतरी, पुष्कळ.

आणखी एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. आई म्हणते, थंडी पडली की त्यातून टकटक ऐकू येते, कोणी कळा दाबतंय तशी. मीही एकदा ऐकली. मी ऐकली हे तिला सांगितलेलं नाही.

मला ते विकायचं नाही. मला फक्त तुझा कागद हवा आहे.

सुनिता


नाशिक,
२३ सप्टेंबर

प्रिय सुनिता,

टकटकीला घाबरू नकोस. तुमच्या डोंगरावर दिवसा ऊन आणि सांजेला गारठा, त्यानं प्लास्टिक आखडतं आणि कळा आपसूक बोलतात. माझ्या दुकानातली यंत्रंसुद्धा डिसेंबरात पुटपुटतात. बायको म्हणते, तुमचं भजनी मंडळ जागं झालं.

लाल डाग म्हणजे गंज, आणि तेलकटपणा म्हणजे कपॅसिटरमधला रस, असा माझा अंदाज. खुळखुळतं ते उंदरांनी साठवलेलं धान्य असणार. पांढऱ्या पट्ट्याचं मात्र कोडं सुटत नाही. त्यावर इतकी वर्षं कापड वगैरे होतं का? दिसतं तसं नसतं म्हणतात, ते माझ्या धंद्यात रोज खरं ठरतं. तेव्हा अंदाजावर सही करणार नाही. यंत्र पाठव. एसटीच्या पार्सलला देऊ नकोस, कोणी ओळखीचं येत असेल तर त्याच्या मांडीवर दे. कॅसेट असतील तर त्याही पाठव, या यंत्रांचे प्रोग्रॅम कॅसेटवरच असायचे.

कमलेश


मोखाडा,
७ ऑक्टोबर

कमलेशदादा,

आमच्या शाळेतल्या प्रगती मॅडम माहेरी नाशिकला येत आहेत, त्यांच्याबरोबर यंत्र पाठवत आहे. एकच कॅसेट होती, तीही पिशवीत आहे. आईला सांगितलंय की कमलेश नीट बघून काय ते खरं सांगणार आहे. तिनं तुझ्या नावावर सोडलं, नाहीतर तिनं ते कोणाला उचलू दिलं नसतं. यंत्र निघालं तेव्हा ती उंबऱ्यापर्यंत आली आणि मॅडमना म्हणाली, “बाय, त्याला ऊन लागू देऊ नको.”

पट्ट्यावर कापडच होतं. दादाचा टॉवेल.

लवकर लिही. आणि आधी सांगितलं ते लक्षात ठेव. मेलेलं असेल तर मेलेलं लिहायला कचरू नकोस.

सुनिता


नाशिक,
२८ ऑक्टोबर

प्रिय सुनिता,

दिवाळीची सुट्टी लागली असेल, म्हणून हे पत्र सूर्यमाळलाच पाठवतोय. मोखाड्याच्या बंद खोलीत ते पडून राहू नये. बातमीच तशी आहे.

यंत्र जिवंत आहे.

ते मेलंय असं तू तीनतीनदा लिहिलंस, पण कमलेशचा हात अजून गेलेला नाही. उघडलं तर आधी नागली सांडली, ओंजळभर. उंदरांची कमाल आहे, एका दाण्यालासुद्धा दात लावलेला नव्हता. डाग पुसले. मग पाहिलं, तर मधोमध सॉकेट रिकामं. चित्र दाखवणारी चिपच नाही. तेव्हा आठवलं, दिपेश तीच तर शोधत होता. सातपूरच्या भंगारातून माझ्याकडे तसलंच एक फुटकं यंत्र आलेलं आहे, त्यातून चिप मिळाली. पार्ट मिळाला, सुनिता. इतक्या वर्षांनी मिळाला आणि बसवल्याबरोबर फिट बसला. आणखी काही भाग गेलेले होते, तेही बदलले.

मग कॅसेट लावली. किरकिर किरकिर करत बराच वेळ गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, इंग्रजी अक्षरांत पण आपली बोली. पहिला प्रश्न काय विचारला सांगू? “आये, जेवलीस का?”

उत्तर दिलं नाही तर थोड्या वेळानं तेच पुन्हा विचारतो. मी चहा करायला गेलो, परत आलो तर सबंध पडदा भरलेला. आये, जेवलीस का. आये, जेवलीस का. मला रडू आलं. अगदी त्याच्याच ढंगात विचारतो.

काकींना सांग, दिवाळीची भेट समजा. शिक्का खाली मारला आहे.

कमलेश


मोखाडा,
११ नोव्हेंबर

कमलेशदादा,

तुझं पत्र सूर्यमाळला पोचलं तेव्हा मी घरी नव्हते. निवडणुकीच्या प्रशिक्षणाला जव्हारला होते. आईनं पाकीट बघितलं आणि शेजारच्या लक्ष्याला हाक मारली. आमच्याकडे कोणाचं पत्र आलं की ज्याला वाचता येतं तो ओटीवर बसून मोठ्यानं वाचतो आणि चार घरची माणसं ऐकायला येतात, हे तुला सांगायला नको. लक्ष्यानं सगळं वाचलं. जिवंत आहे. पार्ट मिळाला. आये, जेवलीस का.

मी घरी आले तर ओटीवर सारवलेलं, दिवा लावलेला, आणि आई अंगावर नवं लुगडं घेऊन दाराशी बसलेली.

आता तुला सगळं सांगते, आधीच सांगायला हवं होतं. पाड्यावर वीज नवी नवी आली तेव्हा दादानं ते यंत्र आईला दाखवायला म्हणून घरी आणलं. पडद्यासाठी सरपंचांचा टीव्ही मागून आणला. लावलं, वीज कमीजास्त झाली, आणि त्यातून धूर निघाला. आईनं काहीच पाहिलं नाही, नुसता धूर पाहिला. दादानं जळलेली चिप काढून नमुन्यासाठी खिशात घातली आणि म्हणाला, “आये, पार्ट गावला की येतो. मग बघ.” एवढं बोलून मुंबईला गेला.

आई त्या शब्दाला धरून बसली. यंत्र बंद आहे म्हणजे पार्ट मिळाला नाही, पार्ट मिळाला नाही म्हणून तो आला नाही. पितरबारसेला ती सगळ्या पितरांची नावं घेऊन घास ठेवते, दादाचं नाव घेत नाही. बाबांनी मरताना सांगितलं, पोराचे दिवस करा, त्याला असा अधांतरी ठेवू नका. तिनं ऐकलं नाही. तू गंज म्हणून पुसलंस ते कुंकू होतं. दर दसऱ्याला ती त्याला तेल-कुंकू लावते. आणि नागली उंदरांनी नेलेली नाही. नव्या पिकाचे पहिले दाणे ती त्या फटीतून आत सोडते, दादाचा वाटा म्हणून.

ती आता थकली आहे. तिच्या हयातीत दादाचे दिवस व्हावेत म्हणून मला तुझा कागद हवा होता. तुझ्या शब्दावर तिनं मानलं असतं.

त्याऐवजी ती आता जेवत नाही. रोज दोन ताटं वाढते आणि आपल्या ताटाला हात लावत नाही. म्हणते, “त्यानं इचारलंय. येईल त्यो. मंग बरोबरच जेवू.” पेज पाजते तेवढीच पोटात जाते. डॉक्टर म्हणाले, असं फार दिवस चालणार नाही. सांजेला ती उठून दार उघडते आणि कोणाला तरी आत घेते. मग वळून मला म्हणते, पाणी आण. मी पाणी आणते. काल ते पाणी कोणाला द्यायचं म्हणून मी खरंच इकडंतिकडं बघितलं.

दुसरा कागद लिही. तुझी चूक झाली, यंत्र मेलेलं आहे, असं लिही. खोटं असलं तरी लिही.

सुनिता


नाशिक,
१५ नोव्हेंबर

सुनिता,

मी साखरशेतचा असून मला कुंकू ओळखता आलं नाही. नाशिकला राहून डोळे असे झाले.

खोटं लिहायला चार वेळा बसलो. काकींना मी लहानपणी फसवू शकलो नाही, आता काय फसवणार. सोबतचं पत्र त्यांच्यासाठी आहे. लक्ष्यानं नको, तूच वाच, आणि सावकाश वाच.

कमलेश

काकी,

कमलेशचा पाया पडून नमस्कार.

मागच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. उरलेलं आता सांगतो. यंत्र चालतं, हे खरं. पण पार्ट दिपेशनं आणलेला नाही. तो मी आणला, दुसऱ्याच कोणाच्या मोडक्या यंत्रातून. आणि ती विचारपूस आत्ताची नाही. ती त्यानं वसतिगृहात असताना लिहून कॅसेटमध्ये ठेवली होती, तुम्हाला दाखवायची म्हणून. त्या दिवशी धूर निघाला आणि ती दाखवायची राहिली.

तुम्हाला माहीत आहे, दिपेश डावखुरा. तारा जोडायला आम्ही कथील वितळवून त्याचा ठिपका ठेवतो. उजव्या हाताच्या माणसाच्या ठिपक्याला शेपटी एका अंगाला येते, दिपेशच्या दुसऱ्या अंगाला यायची. शिवाय त्याला कथील जास्त वापरायची सवय. वसतिगृहात मी त्याला म्हणायचो, लाडू वळतोस का. त्याचा ठिपका मी लाखांतून ओळखेन.

काकी, तो गेल्यापासून मी हे काम करतोय. मुंबई, ठाणे, पुणे, सुरत, कुठून कुठून जुनी यंत्रं माझ्याकडे येतात. गिऱ्हाईक किंमत विचारतं, आणि मी झाकण उघडून आधी ठिपके बघतो. आजपर्यंत हे कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मला वाटायचं, कुठं ना कुठं तो असेल, तर तो हेच करत असेल. त्याच्यानं दुसरं काही झालंच नसतं. कधीतरी एखाद्या यंत्रात त्याचा ठिपका दिसेल आणि मी गिऱ्हाइकाला विचारेन, हे कोणी दुरुस्त केलं.

एकदाही दिसला नाही. तुमच्या घरचं यंत्र उघडलं तेव्हा दिसले, तेवढेच. आणि ज्या भागांवर ते होते, ते भाग मेलेले होते. ते मला काढावे लागले. आता जे चालतं त्यावर सगळे ठिपके माझे आहेत.

मी यंत्रांची अवस्था सांगणारा माणूस आहे. माणसाबद्दल सांगायचा मला अधिकार नाही. पण तुम्ही माझ्या नावावर सोडलंत, म्हणून जे पाहिलं ते सांगितलं.

थोडं खा, काकी.

कमलेश


सूर्यमाळ,
२१ नोव्हेंबर

कमलेशदादा,

मतदानाची ड्युटी संपवून आले आणि तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आज सकाळी म्हणाली, कागद घे. ती बोलली तसंच खाली उतरवते.

“कमलेस, तुजा कागद सुनीनं वाचला. मी परत वाचाया लावला. तू लबाड बोलला नाय, म्हनून तुला सांगते.

पोऱ्या डावरा होता. डाव्या हातानं जेवायचा म्हनून बाप त्याला मारायचा. हात बदलला नाय त्यानं. रडत रडत डाव्याच हातानं जेवायचा. त्यो हात जित्ता असता तं गप बसता का? तू येवढ्या मुलखातली यंत्रं उघडलीस आन तुला त्याचा येक ठिपका गवला नाय. मंजे हात थांबला. मी आई हाय, मला येवढं कळतं. कळत व्हतं. कोनी सांगत नव्हतं.

समदे मला म्हनायचे, दिवस कर. कसं करू? मयत नाय गवलं तं पळसाच्या पानांचा पुतळा करतात आन त्यो जाळतात. पानं कुनाची बी असतात. माज्या पोऱ्याचं त्यात काय घालू? त्याचा सदरा कसरीनं खाल्ला, टावेल बी इरून गेला. नुसती पानं जाळून मी त्याला मेला म्हनू?

आथा तू म्हनतो, त्याच्या हातचं जे व्हतं त्ये मेलं आन तू काढलंस. टाकून तं नाय दिलंस? त्ये माजं हाय. त्ये मला धाड. चालतं त्ये तुज्याकडं ऱ्हाऊ दे. चालतं त्यात माज्या पोऱ्याचं काय नाय.

त्यो इचारतोय, त्याला मागून सांगेन. आथा घास उतरत नाय.”

एवढंच. खाली अंगठा उमटवते म्हणाली, म्हणून उमटवला आहे. तू ते भाग ठेवले असलेस तर पाठव. नसतील तर मला आधी कळव, तिला कसं सांगायचं ते मला ठरवावं लागेल.

सुनिता


नाशिक,
२६ नोव्हेंबर

सुनिता,

ठेवले आहेत. दिपेशच्या हातचं मी कचऱ्यात टाकीन का?

हे पाकीट घेऊन मी स्वतःच येणार होतो. गाडीपर्यंत गेलो आणि परत आलो. त्याला खांदा द्यायची वेळ येईल असं माझ्या मनात कधीच नव्हतं, आणि आता आली तर पाय उचलेना. मला माफ करा. प्रगती मॅडमच्या भावाबरोबर पाठवतोय.

कापसात दोन मेमरीच्या चिप आहेत, त्याच्या डाव्या हातानं बसवलेल्या. फुगलेला कपॅसिटर आहे. आणि बोर्डाच्या कडेचा बोटभर तुकडा आहे, तिथून आता वीज जात नव्हती, तो मी काल कापला. त्यावर त्याचे ठिपके ओळीनं आहेत. भिंगाखाली धरून काकींना दाखव, शेपट्या दिसतील. आता त्या यंत्राला संग्रह करणाऱ्यांत काही मोल उरलं नाही, ते मीच घालवलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

कपॅसिटर आगीत घालू नका, फुटेल. तो नुसता पुरा. बाकीच्याचा धूर घशाला वाईट असतो, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा.

यंत्र माझ्या टेबलावर आहे. तुकडा कापण्यापुरतं बंद केलं, पण कायमचं बंद करू शकलेलो नाही. तो विचारतोय.

कमलेश


सूर्यमाळ,
९ डिसेंबर

कमलेशदादा,

परवा दादाचे दिवस झाले.

पाकीट आलं तेव्हा आईनं कापूस स्वतः सोडला. प्रगती मॅडमनी शाळेतलं भिंग दिलं होतं. तिच्या डोळ्यांना आता फार दिसत नाही, तरी तिनं ते भिंग पुष्कळ वेळ धरून ठेवलं. मग बोटानं तो तुकडा चाचपला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हां.” एवढंच. मग ताटलीत कोमट पाणी मागितलं आणि हळद लावून ते सगळं धुतलं. लहान मुलाला न्हाऊ घालतात तसा एक हात खाली धरून धुतलं. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाली, तू बस.

पुतळा भगतानं बांधला. पळसाच्या पानांची छाती केली तेव्हा आईनं दोन्ही चिपा आणि तो तुकडा आपल्या हातानं आत ठेवला. कपॅसिटर तुझ्या सांगण्याप्रमाणे वेगळा पुरला. आग मी दिली. आमच्यात बाईनं देत नाहीत, पण पाड्यावर कोणी काही बोललं नाही. लक्ष्या बाजूला उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. त्याला वाटतं ते पत्र वाचून त्यानंच पाप केलं.

पानं लगेच जळून गेली. दुसऱ्या दिवशी राख चाळली तेव्हा चिपांचे पाय मिळाले, बारीक, काळे पडलेले. आईनं ते एकेक वेचून मडक्यात घेतले, आणि तेव्हा ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला दादासाठी रडताना पाहिलं नव्हतं. नाव घेऊन, त्याच्या सगळ्या खोड्या सांगत, सगळा पाडा ऐकेल अशी रडली. मी तिला धरलं होतं आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की माझी मलाच भीती वाटली. मग वैतरणेत मडकं सोडून आलो.

सांजेला तिनं दार उघडलं नाही. मीच दोनदा उठून बाहेर बघितलं. मला सवय लागली आहे, जाईल हळूहळू, किंवा नाही जाणार.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, पहिला घास शेजारचे घेऊन येतात. आमच्या घरात दादासाठी तो घास कोणी कधी आणला नव्हता. कसा आणणार, मेलेलं कोणी नव्हतंच. शेजारची हिराबाई भात आणि उडदाचं वरण घेऊन आली, आईपुढं बसली आणि तिनं पहिला घास स्वतःच्या हातानं आईच्या तोंडाशी धरला. आईनं तोंड उघडलं. मग ताट आपल्याकडे ओढलं आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्लं.

आत्ता ती झोपली आहे. झोपताना मला म्हणाली, कमलेसला कागद लिव, म्हणून लिहायला बसले.

आई जेवली, कमलेशदादा. त्याला तेवढं सांग आणि यंत्र बंद कर.

सुनिता